पुरवठादारांची तपासणी करताय? या चुका टाळा

दर मार्चअखेरीस कुणीतरी नवशिका फोन करतो, "सर, दोनशे पुरवठादारांना फॉर्म पाठवलेत, पर्यावरणाचे गुण कसे काढू?" काढू नकोस बाबा. सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या मोठ्या 1000 कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आणि पुरवठादारांकडून 'होय' लिहिलेल्या फॉर्मांचं पीकच आलं.

नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्याचा फॉर्म असाच, ओळीने 'होय'. एकदा प्रत्यक्ष गेलो. ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेला, ताजा निळा रंग, शेजारी शेवंतीच्या कुंड्या. लॉगबुक मागितलं. रोज 12,000 लिटर, एकच पेन, एकच अक्षर. लक्ष्मीपूजनालाही 12,000, आणि त्या आठवड्यात कारखाना बंद होता! सांडपाण्यात हवा सोडतात त्या एअरेशन टाकीत वाकून पाहिलं, तर गाळ वाळून भेगाळलेला. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मले लिहाले सांगतलं, मी लिहून राहिलो." त्याच्यावर काय चिडणार? याच कारखान्याला आदल्या वर्षी मी घरबसल्या पूर्ण गुण दिले होते.

तेव्हापासून फॉर्म नंतर. आधी टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या वीजमीटरचं रीडिंग, केमिकलच्या खरेदीची बिलं आणि गाळ उचलल्याच्या पावत्या. ब्लोअर खरंच फिरला असेल तर युनिटं पडलेली दिसतात.

आयएसओ 14001 चं सर्टिफिकेट पाहून पुढे सरकू नका. कारखान्यात व्यवस्था आहे एवढंच ते सांगतं, प्रदूषण किती ते नाही. सूतगिरणीला विचारलंत तर तिच्यासाठी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगलाही विचारा. कंत्राटी कामगार हजेरीपटावर शोधू नका, ते गेटवरच्या रजिस्टरमध्ये सापडतात.

आणि ट्रकचा हिशोब. एक्सेलमध्ये सगळे फक्त जातानाचं अंतर टाकतात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. भरलेल्या ट्रकला 4 चा ॲव्हरेज धरा, 175 लिटर डिझेल जळतं. लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 470 किलोच्या आसपास. गाडी रिकामी परतली तर 5 चा ॲव्हरेज धरूनही आणखी पावणेचारशे किलो, आणि हे कुठल्याच रकान्यात नसतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारलं तर "रिटर्न लोड मिळतेच" हे ठरलेलं उत्तर. मी नागपूरजवळच्या वाडीला चहाच्या टपरीवर ड्रायव्हरलाच विचारतो आणि परतीच्या मालाची पावती, म्हणजे बिल्टी दाखव म्हणतो. मागच्या खेपेला पाच जणांना विचारलं, बिल्टी दोघांकडेच निघाली.