पतंगाची अळी पाळताय? या चुका टाळा

“अळी हलेना, खाईना, मेली वाटतं म्हणून टाकून दिली.” हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. अशातल्या कितीतरी अळ्या फक्त कात टाकायच्या तयारीत असतात.

अळीची कातडी एका मर्यादेपलीकडे ताणली जात नाही, म्हणून कोषात जाण्याआधी ती साधारण चार वेळा कात टाकते. त्याआधी एखादा दिवस खाणं बंद असतं, पाय रेशमाच्या पातळ थरात घट्ट रोवलेले असतात. डबा साफ करायच्या घाईत तिला ओढून काढलं, तर ती जखमी होते किंवा कात अर्धवट अडकते. अळी बसलेलं पान तसंच राहू द्या, ताजा पाला शेजारी ठेवा.

पाला ज्या झाडावर अळी सापडली त्याचाच द्या. रेशमाचा किडा तुतीवर वाढतो, कोबीचं पान देऊन भागत नाही. आणि पाणी वाटीत नको, अळी बुडते.

वाढ पूर्ण झालेली अळी पातळ विष्ठा टाकते, काहींचा रंग बदलतो आणि ती डबाभर सैरावैरा फिरू लागते. तो आजार नव्हे, कोषासाठी जागेचा शोध आहे. शेपटाशी शिंग असलेल्या बहुतेक अळ्या जमिनीत शिरतात. त्यांना चार बोटं भुसभुशीत, किंचित ओलसर माती लागते. रेशीम विणणाऱ्यांना काटक्या आणि पानं पुरतात.

मग कोष. इथे माणसाचा धीर सुटतो. आत अळीचे बरेचसे स्नायू विरघळत असतात आणि अळीपणापासून जपून ठेवलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून पंख, पाय, डोळे घडत असतात. सगळंच विरघळतं असं मात्र नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अळी असताना विजेच्या सौम्य धक्क्यासोबत दिलेला वास पतंग झाल्यावरही अनेकांनी टाळला! हे वाचल्यापासून कोष हातात घेताना मी दहादा विचार करतो. तो चिरून बघू नका. काही पतंग दोन-तीन आठवड्यांत बाहेर येतात, काही प्रतिकूल ऋतू संपेपर्यंत महिनोन्महिने थांबतात. कोष हलका पडला, सडका वास आला, तरच आशा सोडा.

सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या तासाभरात होतं. बाहेर आलेल्या पतंगाचे पंख चुरगळलेले असतात. तो वर चढून लटकतो आणि शरीरातला द्रव पंखांत ढकलून ते उलगडतो. गुळगुळीत बरणीत तो घसरत राहतो आणि पंख तसेच वाळतात, पुन्हा कधीच सरळ होत नाहीत. बरणीच्या भिंतीला खरखरीत कापड किंवा उभी काटकी आधीच लावून ठेवा. खाली तांबूस थेंब दिसले तर घाबरू नका, ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण आहे.

साखरपाण्याचा आग्रहही नको. ॲटलास पतंग आणि रेशमाचा पतंग यांना खाण्याजोगं तोंडच नसतं, अळीपणी साठवलेल्या चरबीवर ते उरलेले दिवस काढतात. म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या अळीला रात्रीसुद्धा पाला कमी पडू देऊ नका.