पेशीतून पेशीत पसरणारा व्हायरस आणि आपलं मॉडेल: या चुका टाळा

व्हायरस कसा वाढतो-घटतो याचं गणिती मॉडेल करायचं म्हणून निरोगी पेशी, बाधित पेशी आणि मोकळा (पेशींबाहेरचा) व्हायरस, अशी तीन समीकरणं लिहिली, सॉफ्टवेअरमध्ये टाकली, मॉडेलची रेषा मोजलेल्या बिंदूंवरून मस्त गेली की वाटतं झालं काम. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, कारण ग्राफ जुळला म्हणजे आतले आकडे खरे असं अजिबात नसतं.

खात्री करायचीये? सुरुवातीच्या निरोगी पेशी ४० कोटी धरल्या असतील तर २० कोटी करा आणि एक बाधित पेशी दिवसाला जेवढे व्हायरस बनवते तो आकडा दुप्पट करा, बाकी कशाला हात लावू नका. सुरुवात फक्त मोकळ्या व्हायरसपासून केली असेल तर व्हायरसचा ग्राफ जसाच्या तसा येईल, केसाचाही फरक नाही. म्हणजे फक्त व्हायरस मोजला असेल तर या दोघांचा गुणाकार तेवढा कळतो, वेगवेगळे आकडे नाही कळत. तरी लोक 'एक पेशी दिवसाला इतके व्हायरस बनवते' असं बिनधास्त लिहितात! तो आकडा हवा असेल तर पेशी वेगळ्या मोजाव्या लागतात, दुसरा उपाय नाही.

उताराचंही तेच. पीक म्हणजे शिखर गाठल्यावर व्हायरस कमी होतो तो बाधित पेशी मरतात म्हणून की व्हायरस साफ होतो म्हणून? उताराच्या रेषेत यातला जो हळू चालतो तोच दिसतो. १९९६ मध्ये पेरेल्सन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीच्या पेशंटना रिटोनाविर हे औषध दिल्यावर पहिल्या काही तासांत दर दोन तासांनी रक्त तपासलं, म्हणून तर व्हायरसचं अर्धआयुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ६ तास आणि बाधित पेशींचं साधारण १.६ दिवस असं वेगळं काढता आलं. दिवसातून एकदाच सॅम्पल घेतलं असतं तर ते ६ तास हाताला लागलेच नसते.

पीसीआरचे (व्हायरसचा जनुकीय मजकूर मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे आणि प्लाक (व्हायरसने पेशींच्या थरात पाडलेले डाग) मोजून आलेले आकडे एकाच रकान्यात टाकू नका. पीसीआर निकामी झालेले कणही मोजतो, प्लाक फक्त संसर्ग करू शकणारे दाखवतो, आणि हे दोन्ही कमी होण्याचा वेगही वेगळा असतो, त्यामुळे समीकरणं वेगळी ठेवा. मशीनच्या मर्यादेखालचं रीडिंग शून्य धरू नका, 'या मर्यादेपेक्षा कमी' एवढंच त्यातून कळतं. आणि फिट लॉग स्केलवर (जिथे दर पायरीला आकडा दहापट होतो) करा, नाहीतर पीकचे दोन बिंदू बाकीच्या सगळ्यांना गिळून टाकतात.

ग्राफची सुरुवातच चुकतेय, मॉडेलमधला व्हायरस फार लवकर वर चढतोय, असं दिसलं तर बघा की पेशीला व्हायरस लागल्यावर नवीन व्हायरस बाहेर पडेपर्यंतचा वेळ धरलाय का. इन्फ्लुएन्झात तो काही तासांचा असतो. आणि पेशीमागे सरासरी एक व्हायरस टाकला म्हणजे सगळ्या पेशी बाधित झाल्या असंही नाही हं, व्हायरस पेशींवर कसेही विखुरतात हे धरणाऱ्या पॉइसनच्या हिशोबाने साधारण ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात.

शेवटचं, पेशी वाढवायच्या डिशमध्ये वर जेलचा थर असेल तर व्हायरस लांब जाऊच शकत नाही, शेजारच्या पेशींनाच लागतो, डाग कडेकडेने वाढतो आणि त्याची त्रिज्या साधारण सारख्या वेगाने वाढते. तिथे सगळं नीट ढवळलंय असं धरणारी तीन समीकरणं फिट होतीलही, पण बीटाची (व्हायरस पेशींना किती वेगाने लागतो त्या आकड्याची) किंमत काहीतरी भलतीच येईल. अशा वेळी पेशींची जाळी घेऊन शेजार-शेजारचं मॉडेल करा, रन व्हायला वेळ लागतो पण लागू दे.