वर्क-स्टडीतून विद्यार्थी कामावर घेताना या चुका टाळा

अमेरिकेत छोटा व्यवसाय चालवणाऱ्या किंवा मराठी मंडळाचा कारभार बघणाऱ्या लोकांना कधी ना कधी कुणीतरी सांगतंच, "कॉलेजचा मुलगा ठेवा, अर्धा पगार सरकार देतं." या ऐकीव माहितीत तथ्य आहे. पण फेडरल वर्क-स्टडीचा, म्हणजे शिकताना काम करणाऱ्या मुलांच्या पगाराला केंद्र सरकार हातभार लावतं त्या योजनेचा, पैसा मालकासाठी नाही. १९६४ च्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी कायद्यातून ही योजना आली, ती कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना कॉलेज परवडावं म्हणून. फेडरल सरकार निधी कॉलेजला देतं, कॉलेज विद्यार्थ्याच्या आर्थिक मदतीत तेवढी रक्कम मंजूर करतं, आणि मालकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. बहुतेक गोंधळ हा क्रम उलटा धरल्यामुळे होतात.

आधी मुलगा, मग कॉलेज

ओळखीतला हुशार मुलगा सापडतो, त्याला वर्क-स्टडी मंजूर आहे असं तो सांगतो, आपण "सोमवारपासून ये" म्हणून मोकळे होतो. महिनाभरानं कॉलेजला फोन केला की कळतं, करार नाही म्हणजे पैसे नाहीत. कॅम्पसबाहेरच्या मालकाचा कॉलेजशी लेखी करार व्हावाच लागतो, आणि तोही काम सुरू होण्याआधी. झालेल्या तासांचा पगार मग पूर्णपणे आपल्या खिशातून जातो.

शिवाय कॉलेजनं हो म्हणायलाच हवं असं नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांकडे कॉलेजला आपल्या वार्षिक निधीतला जास्तीत जास्त २५ टक्के भाग वापरता येतो, आणि कित्येक कॉलेजं त्या भानगडीत पडत नाहीत. म्हणून पहिला फोन कॉलेजच्या फायनान्शियल एड (आर्थिक मदत) ऑफिसला करा. तुम्ही खासगी कंपन्यांकडे मुलं पाठवता का, कागदोपत्री मालक कोण असणार, आणि पगार तुम्ही देऊन बिल आम्हाला पाठवणार की उलट, एवढं विचारलं तरी पुरे. नकार मिळाला तर 'जॉब लोकेशन अँड डेव्हलपमेंट' आहे का विचारा. त्यात अनुदान नसतं, पण कॉलेज बाहेरच्या नोकऱ्यांसाठी विद्यार्थी मिळवून देतं.

एफ-१ वरचा भाचा

मराठी घरांत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच असावी. पुण्याहून एमएससाठी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेला भाचा किंवा मित्राची मुलगी या योजनेत बसत नाही. विद्यार्थी अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा नियमात बसणारा अन्य रहिवासी हवा, त्यानं फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरलेला हवा आणि कॉलेजनं त्याची आर्थिक गरज मान्य केलेली हवी. 'कमवा आणि शिका' आठवून आपण विद्यार्थी म्हणजे विद्यार्थी असं गृहीत धरतो, ते इथे चालत नाही. एफ-१ वरच्या मुलाला सीपीटी किंवा ओपीटीसारख्या (अभ्यासाशी संबंधित कामाच्या) परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर कामावर घेतलं तर अनुदानाचं राहू द्या, त्याचा व्हिसाच धोक्यात येतो. भाच्यावर खरंच माया असेल तर त्याला कॅम्पसवरचं काम शोधू द्या.

हिशेब अर्धाच मांडणं

खासगी कंपनीसाठी फेडरल वाटा जास्तीत जास्त ५० टक्के. ताशी १६ डॉलर दिले तर आपल्याला ८ डॉलर पडतात, इथेच लोक पेन खाली ठेवतात. पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा ७.६५ टक्के हिस्सा पूर्ण १६ डॉलरवर लागतो आणि तो फेडरल पैशातून देता येत नाही. करारात तुम्ही मालक असाल तर हे १ डॉलर २२ सेंट तुमचेच. विद्यार्थ्याला स्वतःच्या कॉलेजात काम करताना या करातून मिळणारी सूट तुमच्याकडे लागू धरू नका. वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा (कामावर इजा झाल्यास भरपाईचा) विमा आहेच, आणि काही कॉलेजं कारभाराचा खर्चही मागतात.

दुसरा भाग जास्त फसवा आहे. विद्यार्थ्याला २,४०० डॉलर मंजूर झाले म्हणजे सरकार २,४०० देणार असं नव्हे. ती त्याच्या एकूण कमाईची मर्यादा आहे, तुमचा वाटा धरून. १६ डॉलरनं १५० तास होतात, आठवड्याला दहा तास धरले तर पंधरा आठवडे. कौतुकानं पगार २० डॉलर केलात की १२० तासांतच खेळ खलास. त्यापुढचा पगार शंभर टक्के तुमचा. तासांची वही पहिल्या आठवड्यापासून ठेवा, आणि मुलानं दुसरीकडेही वर्क-स्टडी घेतली आहे का ते विचारा, कारण मर्यादा दोन्हीकडे मिळून एकच असते.

मंडळ, देऊळ आणि सार्वजनिक हित

ना-नफा संस्थांना सवलत जास्त आहे. फेडरल वाटा साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत जातो, मोजक्या प्रसंगी ९० पर्यंत. पण काम सार्वजनिक हिताचं असावं लागतं. फक्त वर्गणीदार सभासदांसाठी चालणारं काम त्यात बसत नाही. म्हणजे मंडळाच्या सभासदांची यादी सांभाळायला मुलगी ठेवणं अवघड, पण सगळ्या वस्तीतल्या मुलांसाठी खुला असलेला अभ्यासवर्ग चालवायला ती मिळू शकते. कॉलेजलाही निधीतला किमान ७ टक्के भाग समाजसेवेच्या कामावर खर्च करावा लागतो, त्यामुळे असा प्रस्ताव ते लक्ष देऊन वाचतात. देवळाच्या पूजास्थानाचं बांधकाम किंवा देखभाल मात्र चालत नाही. निवडणुकीच्या प्रचाराचंही तेच.

आणि गणपतीत "आता पुढचे चार तास सेवा म्हणून थांब" हे चुकूनही म्हणू नका. वर्क-स्टडीतल्या मुलाला केलेल्या प्रत्येक तासाचा पगार मिळालाच पाहिजे.

कामाचं स्वरूप

खासगी कंपनीतलं काम शक्य तितकं अभ्यासक्रमाशी जुळणारं हवं. अकाउंटिंगच्या विद्यार्थ्याला सीपीएच्या (परवानाधारक हिशेबनीसाच्या) ऑफिसात हिशेब तपासायला देणं ठीक, खोकी हलवायला लावणं नाही. असलेल्या माणसाला काढून त्याच्या जागी अनुदानातला विद्यार्थी बसवता येत नाही. कमिशनवर ठेवता येत नाही. मिनिमम वेज फेडरल ७.२५ डॉलर, पण राज्याचा किंवा शहराचा दर जास्त असेल तर तोच लागतो.

पैसे अडकले तर

आधी टाइमशीट बघा. सुपरवायझरची सही नाही, किंवा लावलेले तास मुलाच्या वर्गाच्या वेळेत पडतात, ही नेहमीची कारणं. वर्ग रद्द झाला म्हणून तो आला असेल तर तसा कागद जोडावा लागतो. आपल्या सोयीनं मंगळवारी सकाळी बोलावण्याआधी त्याचं वेळापत्रक मागून घ्या.

योजनेचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं चालतं. एप्रिलमध्येच रक्कम संपत आली तर वाढवून मिळेल का हे एड ऑफिसला विद्यार्थ्यानं विचारायचं, तुम्ही नाही. नाही म्हणाले आणि मुलगा हवाच असेल, तर त्या तारखेपासून त्याला सरळ स्वतःच्या पेरोलवर घ्या. आतापर्यंत कागदोपत्री कॉलेज मालक असेल तर आय-९ (कामाच्या परवानगीचा) आणि डब्ल्यू-४ (करकपातीचा) हे फॉर्म नव्यानं भरून घ्या, आणि कॉलेजला शेवटच्या टाइमशीटची तारीख लेखी कळवा.