शेतातल्या अपघाताची मदत कशी मिळवावी: फाईल तहसीलला नाही, दवाखान्यात बनते

शेतात कुणी दगावलं की तेरवी उरकल्यावर घरचे लोक माझ्याकडे येतात. पिशवीत सातबारा, आधार, मृत्यूचा दाखला आणि तोंडी एकच प्रश्न असतो: फॉर्म कुठं भरायचा? दहा वर्षं मी या फायली करून देतोय. फॉर्म हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, कुणीही भरून देईल. खरं काम तेरा दिवसांपूर्वी झालेलं असतं, दवाखान्यातल्या केसपेपरवर आणि पोलिसांच्या पंचनाम्यात. तिथं चुकीचा शब्द पडला असेल तर पुढे कितीही झेरॉक्स काढा, फाईल परत येते. म्हणून हा लेख घरात सगळे धडधाकट असतानाच वाचावा.

मी मुख्यतः ज्या योजनेबद्दल लिहितोय ती गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. आधी ही विम्यातून चालायची, कंपनी दावा तपासायची. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनी यातून बाहेर गेली आणि अनुदान थेट शासनाकडून मिळू लागलं. अपघाती मृत्यूला २ लाख. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव कायमचा निकामी झाला तर २ लाख. एकच डोळा किंवा एकच अवयव गेला तर १ लाख. हाड मोडलं, महिना-दोन महिने अंथरुणाला खिळला, याला यात काही नाही. वय १० ते ७५. नाव नोंदवावं लागत नाही, हप्ता भरावा लागत नाही.

'आमच्या पोराच्या नावावर शेती नव्हती, म्हणून मिळणार नाही' असं लोक स्वतःच ठरवून टाकतात. हे साफ चूक आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातली खातेदार नसलेली एक व्यक्ती (आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी) असे दोघं यात बसतात. घोळ होतो तो जमीन अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर असेल तेव्हा. वारसनोंद वर्षानुवर्षं पडून, भाऊ-भाऊ तोंडी वाटणीवर कसतात, आणि अपघाताच्या दिवशी घरातलं कुणीच खातेदार नसतं. अपघातानंतर केलेली फेरफार नोंद उपयोगी पडत नाही. तुमच्या घरी असं असेल तर या आठवड्यात तलाठ्याकडे जा.

भूमिहीन मजूर या योजनेत नाही. याची मला चीड आहे, कारण फवारणीचा पंप बहुतेक वेळा त्याच्याच पाठीवर असतो. त्याच्यासाठी बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. दर वर्षी जूनच्या आसपास पासबुकात २० रुपये कटल्याची नोंद बघा. खात्यात तेवढीही शिल्लक नसेल तर विमा गेला, आणि हे मी अनेक घरांत मागाहून पाहिलंय. ट्रॅक्टरवर किंवा यंत्रावर कामाला असताना मजूर जखमी झाला तर कायद्याने मालकाकडून भरपाई मागता येते, मुदत दोन वर्षं. गावात राहून मालकावर दावा लावणं अवघड असतं, मला माहीत आहे. तरी हक्क आहे एवढं मजुराच्या बायकोला तरी माहीत असू द्या.

आता मुख्य गोष्ट.

२०१६ च्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ कपाशीवर फवारणी करताना पडला. उघड्या अंगाने, फुटक्या पंपाने, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून तो सकाळपासून फवारत होता. पाठ औषधानं भिजलेली. दुपारी उलट्या, तोंडाला फेस. मोटारसायकलवर मधे बसवून त्याला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर विचारलं, काय झालं? आमच्यातला एक जण घाबरून म्हणाला, "औषध घेतलंय." त्याच्या मनात होतं की औषध अंगात गेलंय. पण आपल्याकडे 'औषध घेतलं' याचा अर्थ एकच होतो, आणि कागदावर तोच उतरला: विषारी औषध प्राशन. तिथून जिल्ह्याला हलवताना चिठ्ठीवर तेच शब्द गेले. चिठ्ठीवरून पोलिसांच्या नोंदीत, नोंदीतून पंचनाम्यात. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण आत्महत्या योजनेत बसत नाही. वहिनी दोन लहान पोरांना घेऊन दीड वर्ष चकरा मारत होती आणि मी तिच्यासोबत होतो. काहीही झालं नाही. एका क्रियापदाने तिचे २ लाख गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे नवऱ्याने आत्महत्या केली असा डाग कागदावर कायमचा बसला.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की न पिताही माणूस मरतो. ही औषधं कातडीतून आणि श्वासातून भिनतात. पण एकट्यादुकट्या केसमध्ये आजही काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा 'पिलं का?' असंच विचारतो.

म्हणून नीट ऐका. दवाखान्यात बोलायला एकच माणूस पुढे करा, जो शेतात हजर होता तो. त्याने चार गोष्टी सांगायच्या: कोणत्या शेतात, किती वाजता, कोणतं काम करताना, काय झालं. "आज सकाळी आठपासून आमच्याच शेतात कपाशीवर फवारणी करत होता, औषध अंगावर सांडलं, बाराला चक्कर येऊन पडला." बस. 'घेतलं', 'पिलं', 'पोटात गेलं' हे शब्द तोंडातून काढू नका. मग डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचा. लाजू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. इंग्रजीत असेल तर फवारणी हा शब्द त्यात आहे का, एवढं विचारा. नसेल तर तिथंच हात जोडून दुरुस्त करून घ्या, कारण तेव्हा एका ओळीत काम होतं आणि दोन दिवसांनी तोच डॉक्टर कागदाला हात लावायला तयार होत नाही. त्याचंही बरोबर आहे.

औषधाची बाटली सोबत न्या, उपचारालाही ती लागते. भिजलेले कपडे धुऊ नका. आपल्या बायका माणूस दवाखान्यात असताना घर आवरताना पहिलं तेच करतात. कपडे पिशवीत बांधून ठेवा, पंप शेतात आहे तिथंच राहू द्या, कृषी केंद्राचं बिल शोधून ठेवा. घटनास्थळ पंचनाम्याला पोलीस येतील तेव्हा हे सगळं दाखवा आणि पंचनाम्यात उतरवायला सांगा. मृत्यूनंतर व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो. त्याच्या अहवालात औषधाचं नाव येतं, पण ते पाठीवर सांडलं की प्यायलं गेलं हे बहुतेक त्यातून ठरत नाही. ते ठरतं केसपेपर, पंचनामा आणि जबाब यांवरून. तिन्हीकडे एकच गोष्ट हवी. शेजारच्या बांधावरच्या माणसाचा जबाब दोन-तीन दिवसांत नोंदवून घ्या. महिन्याभराने त्याला आठवतही नाही आणि गुंतायचंही नसतं.

एक गोष्ट कठोरपणे सांगतो. माणसाने खरंच आत्महत्या केली असेल तर तिला अपघात म्हणून लिहवून घेऊ नका. तसा सल्ला देणारे एजंट तहसीलच्या आवारात बसलेले असतात, त्यांना उभं करू नका. खोटा पंचनामा उघडा पडला की घरच्यांवरच शेकतं. शेतकरी आत्महत्येसाठी शासनाची १ लाखाची वेगळी मदत आहे, तिचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांची समिती घेते. तो मार्ग धरा.

साप चावला तर मांत्रिकाकडे नेऊ नका. जीव वाचवायचा असेल तर हे पहिलं. आणि तरीही माणूस गेला तर शवविच्छेदन टाळू नका. 'कशाला चिरफाड, साप तर सगळ्यांनी पाहिला' असं म्हणून रातोरात अग्नी देतात आणि मग कागदावर मृत्यूचं कारण उरतच नाही. पोलीस पाटलाला त्याच दिवशी सांगा, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करा, नोंदीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

विजेच्या शॉकने मृत्यू झाला तर मुंडे योजनेशिवाय वीज कंपनीकडेही दावा होतो. तुटलेली तार घाईने जोडून घेऊ नका. आधी मोबाईलवर फोटो काढा, विद्युत निरीक्षकाची तपासणी होऊ द्या, कारण कंपनीकडचा सगळा दावा त्या अहवालावर उभा राहतो. वीज कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी तिची जबाबदारी टळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. वकिलाला तो माहीत असतोच, तुम्हालाही असू द्या.

अंगावर वीज पडून मृत्यू झाला तर महसूल विभागाकडून ४ लाख मिळतात. वाघ, बिबट्या, रानडुक्कर अशा प्राण्याने मारलं तर वनविभागाची भरपाई २५ लाखांची आहे, तिथं ४८ तासांत वनरक्षकाला किंवा पोलिसांना कळवायलाच हवं. त्याच अपघातासाठी दुसऱ्या शासकीय विभागाच्या योजनेतून मदत घेतली की मुंडे योजनेत बसता येत नाही. म्हणून मोठी रक्कम कुठं आहे ते आधी बघा. मी लोकांना २ लाखांसाठी धावताना आणि २५ लाखांची मुदत घालवताना पाहिलंय.

रस्त्यावरचा अपघात असेल तर दोन सूचना. समोरच्या गाडीवाल्याशी जागेवर मिटवू नका. पाच-दहा हजार घेऊन 'तक्रार नाही' असं लिहून दिलं की पुढचं सगळं अवघड होतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जाची कायद्यातली मुदत आता सहा महिने आहे, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार आहेत. तहसील किंवा प्रांत कार्यालयात विचारा. आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं बसवू नका. ट्रॉली उलटली की विमा कंपनी पहिला आक्षेप तोच घेते, ट्रॅक्टर शेतीकामासाठी होता, प्रवासी नेण्यासाठी नाही. मेलेला माणूस स्वतः गाडी चालवत असेल तर मुंडे योजनेतही त्याचा वैध परवाना मागतात.

अपंगत्वाचा दाखला शासकीय रुग्णालयातूनच घ्या. खासगी डॉक्टरचं पत्र कितीही चांगलं असलं तरी चालत नाही.

आता फाईल. अर्ज, सातबारा, आठ-अ, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, वारसांसाठी तलाठ्याकडचा गाव नमुना सहा-क, प्रथम माहिती अहवाल, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांत. व्हिसेरा अहवाल यायला महिने लागतात, त्यासाठी थांबू नका. पोलिसांनी व्हिसेरा पाठवल्याच्या पत्राची प्रत जोडा आणि अर्ज देऊन टाका. पोच घ्या, तारखेसह. कृषी सहायकाच्या हातात कागद देऊन 'दिले' म्हणू नका, तो माणूस कितीही चांगला असला तरी. त्याच्याकडे आठ-दहा गावं असतात.

तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. त्रुटी निघाली तर ती लेखी मागा. तोंडी सांगितलेल्या त्रुटीचं उत्तर तुम्ही देता आणि पुढच्या वेळी ती बदललेली असते.

पैसे कुणाला, यावर घरात वाद होतो. नियमात क्रम ठरलेला आहे आणि नवरा गेला तर पहिला हक्क बायकोचा आहे. मग अविवाहित मुलगी, मग आई, मग मुलगा. सासरे किंवा दीर 'आमच्या खात्यात घेऊ, पोरांसाठीच ठेवू' म्हणतात. मी अशा फायलीला हात लावत नाही. तिचं स्वतःचं, एकटीचं बँक खातं हवं. ते आधारला जोडलेलं आहे का, तेराव्या दिवसाच्या आत बँकेत जाऊन बघा. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचा घोळ असेल, आधारवर एक आडनाव आणि पासबुकावर दुसरं, तर तो तेव्हाच दुरुस्तीला टाका, कारण मंजूर झालेली रक्कम परत गेल्याचं मी तीनदा पाहिलंय, आणि तिन्ही वेळा कारण नावातला फरक हेच होतं.