हायड्रोजेलचं विघटन मोजताना

एम.फार्म.च्या किंवा बायोमटेरियलच्या प्रोजेक्टला लागलं की बहुधा हेच काम आधी हाती येतं: हायड्रोजेलचे (पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळीचे) तुकडे बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाका, ठरावीक दिवसांनी काढा, वजन करा. दिसायला सोपं. पण वजन घटलं म्हणजे विघटन झालंच, असं नाही.

जेल कशानं बांधलंय ते आधी बघा. पीएलए-पीईजी (पॉलिलॅक्टिक आम्ल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल) जेलमधले एस्टर बंध नुसत्या पाण्यानंही तुटतात. जिलेटिनला कोलॅजिनेज हे एन्झाइम लागतं, कायटोसानला लायसोझाइम. त्यातही कायटोसानचं डीअ‍ॅसिटिलेशन (अ‍ॅसिटिल गट काढून टाकणं) जास्त असेल तर लायसोझाइमचं काम मंदावतं. अल्जिनेटची तऱ्हाच वेगळी. त्याच्या साखळ्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाहीच. त्याची जाळी कॅल्शियमनं बांधलेली असते; पीबीएसमधलं (फॉस्फेटचं खारं बफर) फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेतं, जेल सुटतं, आणि थीसिसमध्ये ‘उत्तम विघटन’ छापून येतं!

जेल तयार झाल्यावर दिवसभर पाण्यात धुवा. न जोडला गेलेला पॉलिमर निघून जाऊ द्या, नाहीतर पहिल्याच दिवशीची घट फसवी येते. मग काही तुकडे फ्रीझ ड्राय करून (गोठवून सुकवून) सुरुवातीचं कोरडं वजन घ्या. बाकीचे ३७ अंश, पीएच ७.४ वर ठेवा. बुरशी-जंतू नकोत म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड (विषारी आहे, सिंकमध्ये ओतू नका). पीएलएसारखं पॉलिएस्टर तुटताना आम्ल सुटतं, त्यानं विघटन आणखी वेग घेतं, म्हणून बफर दोन-तीन दिवसांनी बदला. प्रत्येक वेळेसाठी किमान तीन वेगळे तुकडे हवेत. एकदा सुकवलेला तुकडा परत टाकायचा नाही, कारण बर्फाच्या स्फटिकांनी त्याची जाळी फाटलेली असते. सुकवण्याआधी डिस्टिल्ड पाण्यानं धुतला नाही तर मीठही वजनात येतं.

ओलं वजन सुरुवातीला वाढलं तर घाबरू नका. बंध सुटले की जाळी सैल होते, जेल जास्त पाणी पितं. म्हणून रिओमीटरवर स्टोरेज मॉड्युलसही (जेलचा ताठपणा) मोजा; तो वजनाच्या बराच आधी घसरतो.

कोलॅजिनेजला कॅल्शियम हवं, त्यामुळे पीबीएसऐवजी कॅल्शियम क्लोराइड घातलेला ट्रिस बफर घ्या.

आता नागपूरचा मे महिना. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. रात्री एसी बंद झाला आणि खोली चाळिशीला टेकली, की आतलं तापमानही ३७ वर राहत नाही. कूलिंगवाला बीओडी इनक्युबेटरच मिळवा. क्रॉसलिंक न केलेलं (साखळ्या रासायनिक बंधांनी न जोडलेलं) जिलेटिन तर तेव्हा टेबलावर घट्टच होत नाही; ते फ्रिजमध्येच जमवा.