लिफ्ट केलेल्या जिप्सीचा मागचा एक्सल बदलताय? या चुका टाळा

कंपनीच्या उंचीवरच्या मारुती जिप्सीचा मागचा एक्सल बदलणं अवघड नाही. यू-बोल्ट (स्प्रिंगचे पाटे एक्सलला बांधणारे बोल्ट) सोडा, प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा) उतरवा, ब्रेकची होज आणि हँडब्रेकची केबल सोडवा, की जुना एक्सल बाहेर. दोन माणसं एका दिवसात उरकतात. पण पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले, म्हणजे गाडी उंच करायला स्प्रिंग-ओव्हर केली, की हिशेब बदलतो. पिनियनचा (शाफ्टचा जोर एक्सलमध्ये घेणाऱ्या गिअरचा) कोन, होजची लांबी, शाफ्टची लांबी, ब्रीदरची (एक्सलमधली हवा आत-बाहेर होऊ देणारी) नळी, यातलं कंपनीचं एकही माप मग लागू पडत नाही. ते तुम्हालाच काढावं लागतं, आणि तेही गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. एक्सल बदलल्यावर येणाऱ्या बहुतेक तक्रारींत एक्सलचा दोष नसतो. कुणीतरी गाडी घोडीवर (उचलून ठेवायच्या स्टँडवर) असतानाच वेल्डिंग उरकलेलं असतं.

विकत घेतानाच होणारी चूक

जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली, आणि १९९३ मध्ये तिचा ट्रॅक सुमारे ९० मिलिमीटरने रुंद झाला. भंगार बाजारात किंवा लष्कराच्या लिलावातून आलेल्या मालात अरुंद आणि रुंद दोन्ही एक्सल सापडतात. पाच बोल्टची तीच रिम दोन्हींवर बसते, म्हणून फरक पटकन कळत नाही. रुंद गाडीला अरुंद एक्सल लावला की मागची चाकं दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ मिलिमीटर आत जातात. उंच गाडीत हे जास्त बोचतं, कारण तिचा तोल आधीच वर गेलेला असतो. एका ब्रेक ड्रमच्या बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्या ड्रमच्या बाहेरच्या तोंडापर्यंत टेप लावा, जुन्याशी ताडून बघा आणि मगच पैसे द्या.

दुसरी तपासणी रेशोची, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतं त्याची. जिप्सीत सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या एक्सलच्या वेगातला फरक झेलणारा गिअर) नाही. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असेल तर फोर-व्हील टाकल्यावर दोन एक्सल एकमेकांशी भांडतात, लिव्हर अडकतो, आणि शेवटी शाफ्टचा क्रॉस (वाकता सांधा) किंवा गिअर तुटतो. प्लेटवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, आतला क्राउन-पिनियन (गिअरची जोडी) कुणीतरी बदललेला असू शकतो. एका बाजूचा हब घट्ट धरून ठेवा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. जेवढे फेरे, तेवढा रेशो. चार फेरे आणि वर नववा हिस्सा आला तर ४.११. पुढच्या एक्सलवरही हेच करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण दुकानात उभं राहून ते करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

पिनियनचा कोन: सगळ्यात महागात पडणारी चूक

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात.

प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल, तर तो ही वाढ-घट पुसून टाकतो आणि पिनियन एकसारखं फिरतं. म्हणजे ट्रान्स्फर केसचा (जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या गिअरपेटीचा) फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. गाडी उंच केली की शाफ्टचा उतार वाढतो. अशा वेळी शाफ्ट सरळ दिसावा म्हणून पिनियनचं तोंड वर, थेट ट्रान्स्फर केसकडे वळवायचा मोह होतो. ट्रान्स्फर केसच्या टोकाला डबल जॉइंटचा शाफ्ट असेल तर ते बरोबर आहे. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला तेच केलं की एका टोकाचा कोन जवळपास शून्य, दुसऱ्याचा सगळा, आणि पुसायला कुणी नाही.

माझ्या गाडीत हेच झालं. गॅरेजवाल्याने नव्या एक्सलवर पाट्यांच्या बैठका गाडी घोडीवर असतानाच पक्क्या वेल्ड केल्या. पुण्यातून निघालो तेव्हा काही जाणवलं नाही. मुळशी सोडून ताम्हिणीच्या उताराला लागलो आणि साठच्या पुढे सीटखाली घरघर सुरू झाली. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की वाढायची, दाबला की थोडी कमी व्हायची. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं, क्रॉस नवे टाकले. शेवटी कोन मोजला, तर दोन्ही टोकांत सात अंशांचा फरक निघाला. बैठका कापून पुन्हा वेल्ड कराव्या लागल्या.

बरोबर क्रम असा. बैठका दोन-दोन टाक्यांवर नुसत्या धरून ठेवा. एक्सल पाट्यांखाली घेऊन यू-बोल्ट हलके आवळा. चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा. टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर, नेहमीचं सामान आत. गाडी चार वेळा दाबून हलवा म्हणजे पाटे बसतील. मग दोन्ही फ्लँजच्या यंत्रावर घासलेल्या सपाट तोंडावर कोनमापक लावा. फोनमधलंही चालतं, फक्त त्याची कड त्या सपाट तोंडावर नीट टेकली पाहिजे. पिनियन समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवा, कारण जोर लावला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. हे जमलं की एक्सल पुन्हा खाली काढा आणि पक्कं वेल्ड करा, तेही थोडं-थोडं, बाजू बदलत, मध्ये गार होऊ देत. एकाच जागी सलग वेल्ड केलं तर हाउसिंगची नळी वाकते आणि बेअरिंग कायमचं रुसतं.

नवे पाटे काहीशे किलोमीटरनंतर बसतात. तेव्हा कोन पुन्हा मोजा. एक-दोन अंशांची दुरुस्ती पाटे आणि बैठकीमध्ये बसणाऱ्या पाचरीने होते. पाचर पोलादाची घ्या, ॲल्युमिनियमची चिरते. आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तेवढा लांब लागेल हे विसरू नका.

जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूडच आहे. लिफ्टनंतर स्प्लाइनची (शाफ्टच्या एकमेकांत सरकणाऱ्या दातेरी टोकांची) जोडणी बाहेर सरकते. मागचा भाग पूर्ण उचलून, एक्सल लोंबकळत ठेवून, स्प्लाइन किती आत उरली आहे ते बघा. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि स्प्लाइनवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवा. एक दात चुकला तरी दोन्ही क्रॉस एका रांगेत राहत नाहीत.

ब्रीदर आणि तेल

पावसाळ्यात कोकणातल्या ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांसाठी हे. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि ती कुठून तरी आत ओढली जाते. ब्रीदरची नळी मूळ उंचीवरच सोडली असेल तर हवेऐवजी पाणी जातं. नंतर प्लग खोलला की दुधाच्या चहासारखं तेल येतं, आणि बेअरिंग तोवर गंजायला लागलेलं असतं. नळी लांब करून बॉडीपर्यंत, इंधनाच्या झाकणाच्या उंचीला न्या. ब्रीदर तुंबला तर उलट होतं. आतला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो आणि तेल ब्रेक शूवर येतं. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल तर तिसरं सील आणण्याआधी ब्रीदर फुंकून बघा.

जुन्या बाजारातून आणलेला एक्सल बहुधा कोरडा असतो. जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० तेल भरल्याशिवाय गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नका. पिनियनचं नाक वर असेल तर प्लगच्या तोंडापर्यंत भरलेलं तेलही पुढच्या बेअरिंगला कमी पडू शकतं.

ब्रेक

एक्सल काढताना तो होजवर लोंबकळू देऊ नका. बाहेरून धड दिसणारी होज आतून फाटते. लिफ्टला लांब होज लागतेच, आणि ती पूर्ण लोंबत्या एक्सलवर तपासायची. हँडब्रेकची केबल ताणली गेली तर ड्रम घासत राहतात. दहा किलोमीटर चालवून ड्रमजवळ हात नेला की एक गरम, एक गार कळतं. ज्या गाडीत मागच्या ब्रेकवर वजनानुसार चालणारा एलएसपीव्ही व्हॉल्व्ह आहे, तिथे त्याच्या दांडीची लांबी जुळवा. नाहीतर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

यू-बोल्ट, आणि गाडीखाली जाताना

जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते ताणलेले असतात. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे आवळा, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला धरणाऱ्या जोडाचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुश पिळलेल्या स्थितीत अडकतो आणि वर्षभरात फाटतो. एक्सल चौकोनात बसलाय का तेही मोजा, दोन्ही बाजूंनी चासीच्या एकाच खुणेपासून. फरक राहिला की गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं.

शाफ्ट उतरवला की गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडी मागच्या चाकांवर अडत नाही. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, घोड्या चासीखाली घ्या. हाय-लिफ्ट जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

लक्षणावरून कारण

वेग वाढला की वाढणारी आणि अॅक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर बदलणारी घरघर कोनाची असते. वेगाशी बांधलेली पण पायाने न बदलणारी थरथर शाफ्टच्या बॅलन्सची किंवा टायरची. फक्त जोर लावताना येणारी एकसुरी शिट्टी क्राउन-पिनियनच्या खेळाची, ती पाचरीने जाणार नाही, डिफरन्शियल बाहेर काढून दात एकमेकांना कुठे टेकतात त्याची खूण घ्यावी लागेल. पुढून रिव्हर्सला घेताना एकदाच ठक्क वाजलं तर आधी यू-बोल्ट बघा, मग क्रॉस, मग स्प्लाइन. डिफरन्शियलला हात सगळ्यात शेवटी लावा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओमध्ये जाऊन विचारा. विम्याचा दावा अडतो तो बहुतेक इथेच.