ऑडिट पार्टी येण्याआधी

सरकारी कंपनी असलेल्या महामंडळाच्या लेखा शाखेत नव्याने रुजू झालेल्यांचा एक प्रश्न ठरलेला: सीएची सही झाली, आता कॅग (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) कशाला? अहो, तो सीएसुद्धा कॅगनेच नेमलेला असतो. भागभांडवलात सरकारचा वाटा किमान ५१ टक्के असला की कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३९ लागू होतं. सीएचा अहवाल हाती आल्यापासून ६० दिवसांत कॅगला पूरक लेखापरीक्षा करून शेरे देता येतात. (एसटीचं वेगळं. ती कंपनी नाही, १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याखालचं महामंडळ; तिथे लेखापरीक्षा थेट कॅगच करतं.)

या दिवसांत कॅगची ऑडिट पार्टी, म्हणजे तपासणी पथक, कार्यालयात येतं, आणि खरं काम हाफ मार्जिनचं. कागदाच्या एका बाजूला पार्टीची शंका, दुसरीला तुमचं उत्तर. 'माहिती संकलित करून कळवू' असं लिहिलंत की शेरा पक्का समजा. व्हाउचर नंबर, तारीख, रक्कम लिहा, शासन निर्णयाची प्रत जोडा आणि त्याच दिवशी पोच घ्या.

पार्टी येण्याआधी 'प्रगतिपथावरील कामे', म्हणजे अपूर्ण बांधकामांचा खर्च जिथे दाखवतात, ते खातं स्वतः उघडून बघा. सगळ्यात जास्त घाण तिथे साचते. इमारत कधीच वापरात आलेली असते, पण बांधकाम शाखेने पूर्णत्वाचा दाखला पाठवलेला नसतो, म्हणून ती तिथेच पडून राहते. मग घसारा, म्हणजे वापरामुळे होणारी झीज खर्चात दाखवणं, लागत नाही आणि नफा फुगतो. दाखला नाही म्हणून सुटाल, या भ्रमात राहू नका. मुरलेला ऑडिटर त्या इमारतीचं वीजबिल मागतो. बिलावर युनिट पडलेत म्हणजे इमारत वापरात आहे, विषय संपला. तेव्हा ते बिल आधी तुम्ही मागवा, आणि लेखे मंजुरीला जाण्यापूर्वी घसारा लावून टाका.

बँक जुळवणी आणि जुनी येणी यांची यादी तयार ठेवा. त्यात विशेष काही नाही.

आधी तात्पुरते शेरे येतात. चूक खरी असेल तर वाद घालू नका, पुढच्या वर्षी दुरुस्ती करू असं लेखी द्या. बरोबर असाल तर महालेखापाल कार्यालयात (कॅगचं राज्यातलं कार्यालय) स्वतः जा, कनिष्ठाला पाठवू नका. अंतिम शेरे वार्षिक सभेपुढे, नंतर विधिमंडळात जातात. विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीने बोलावलं तर उत्तर द्यायला साहेब उभे राहतात, पण फाइल तुमच्या हातात असते. दिलेल्या प्रत्येक आश्वासनाची प्रत नव्या वर्षाच्या फाइलला लावा, पुढची पार्टी आल्या आल्या तीच मागते.